साडीगार्ड, सोयाबीन आणि सास्तूर

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर खिळ्याला एक काळी लोखंडी जाळी लटकलेली असते. तिच्यात आई झाकण्या खोचून ठेवते. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, ही जाळी कुठून आणली हो? आई माझ्याकडे बोट करते आणि सांगते, "हिच्या गाडीची हाय." खरंच माझ्या गाडीची आहे. ते साडीगार्ड आहे.

मोटारसायकल नवी घेतली की मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला ही जाळी बसवूनच मिळते. बाई एका बाजूला बसली तर पदर चाकात जाऊ नये म्हणून, आणि खाली पाय टेकवायला एक पट्टी. आणि घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात ती काढून टाकायची, हा आमच्या धाराशिवचा अलिखित नियम. जाळीनं गाडीचा शो जातो म्हणे. पोरं काढतात, पोरांचे बाप काढतात, मीही काढली. माझी गाडी दीडशे सीसीची, निळी. टाकी फुगीर, हँडल खाली, आणि मागची सीट उंच, वीतभर रुंद. शाळेत शिकवायला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, एसटीच्या वेळा शाळेला जुळत नाहीत. स्कूटी घे म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. मला ही आवडली, मी ही घेतली, विषय संपला.

तिचं करावंही लागतं. रविवारी सकाळी माझा कार्यक्रम ठरलेला. या गाड्यांना मधलं स्टँड नसतं, त्यामुळे चेन साफ करायची तर हातभर पुसा, गाडी पुढं ढकला, पुन्हा पुसा. आमच्या गल्लीला वाटतं ही बाई गाडीला फिरायला नेते. पुसायला आईच्या जुन्या साडीचे तुकडे. सुती साडीइतकं चांगलं फडकं बाजारात मिळत नाही, हे नव्यानं गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आई तुकडा फाडून देते, पण तोंड वाकडं करून. "माझ्या साडीला तुझ्या गाडीवर एवढीच जागा," असं एकदा म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

आईला गाडी लागते. एसटी असो, जीप असो, चारचाकी असो, गाव सुटायच्या आत तिला उलटी. तिला फक्त मोकळ्या हवेतला प्रवास झेपतो. वडील होते तेव्हा त्यांच्या जुन्या, लांब सपाट सीटच्या गाडीवर एका बाजूला बसून ती सगळीकडे जायची. ते गेले, ती गाडी विकली, आणि आईचं जग पायी जाता येईल तेवढंच उरलं. बाजार, विहार, दवाखाना. सास्तूरला तिची थोरली बहीण असते, लोहारा तालुक्यात. तिच्याशी रोज संध्याकाळी फोन, पण भेट नाही.

दिवाळीच्या थोडं आधी, एका शुक्रवारी, मावशीचा फोन आला. तिचा मुलगा बाळूदादा सोमवारी येऊन तिला कायमचं पुण्याला नेणार होता. आई फोनवर "बरं केलं, बरं केलं" एवढंच म्हणत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. झाकण्या काढल्याचा आवाज आला. साडीगार्ड आणून तिनं माझ्यासमोर वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"हे लाव गाडीला. रविवारी सास्तूरला जायचंय."

"आई, त्या सीटवर तुला बसता यायचं नाही."

"तुला काय माहीत? बसवलंस का मला कधी?"

शनिवारी ती जाळी साबणानं घासली, कारण फोडण्यांचा थर गाडीच्या ग्रीसपेक्षा चिवट निघाला. बोल्ट दोन लागतात, एकच सापडला. दुसरा जुन्या कूलरचा काढला, बसला बरोबर. डबल सीट लांब जाणाऱ्यांसाठी सांगते: मागच्या चाकात हवा थोडी जास्त घ्या, मागचा शॉकअप एक खाच कडक करा, आणि मागं माणूस बसवून चेन तपासा. मोकळ्या गाडीला ठीक वाटणारी चेन वजन पडल्यावर वेगळंच बोलते. हवा भरायला नेली तर तिघा-चौघांनी वाटेत थांबवून विचारलं, मॅडम, हे काय लावलंय? मी म्हटलं, साडीगार्ड. त्यांना कसंतरीच वाटलं.

रविवारी उजाडताच निघालो. आई पायरीवर चढून सीटवर बसली. बसली म्हणजे उंच फळीवर ठेवलेल्या डब्यासारखी. उजवा हात माझ्या खांद्यावर, डाव्या हातानं सीटची कड घट्ट धरलेली, मांडीवर धपाट्यांची पिशवी. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आई त्यांना म्हणाली, "जाऊन येते," जणू रोजच जाते.

तुळजापूरपर्यंतचा रस्ता चौपदरी आणि उत्तम आहे. रविवारी गावात भाविकांच्या गाड्या मावत नाहीत, म्हणून आम्ही बाहेरूनच काढलं आणि नळदुर्गच्या रस्त्याला लागून एका टपरीवर सुशीला खाल्ली. मुरमुऱ्याचा हा प्रकार मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनी पोह्यांशी तुलना न करता खावा. दोघींचा नाश्ता आणि चहा शंभरात झाला. आई खाताना उभीच राहिली. मी विचारलं, कंबर दुखते का? "न्हाय," ती म्हणाली. दुखत होती हे मला दिसत होतं. माझाही उजवा खांदा भरून आला होता. प्रत्येक ब्रेकला ती पुढं घसरायची आणि प्रत्येक वेग घेताना मागं ओढली जायची, आणि सगळा भार डावीकडे असल्यानं गाडी सरळ ठेवायला मला हँडल उजवीकडे रेटत राहावं लागत होतं.

नळदुर्गला किल्ल्याची लांबच लांब तटबंदी दिसली तशी तिनं माझा खांदा दाबला. वडील इथं नेहमी चहाला थांबायचे. आम्हीही थांबलो. तिनं चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. निघताना चहावाल्याला म्हणाली, "पूर्वी आलं जास्त घालायचा तुमी." तो म्हणाला, पूर्वी म्हणजे त्याचे वडील असतील.

जळकोटच्या पुढं हायवे सोडून लोहाऱ्याच्या बाजूला आत वळलो आणि खरा रस्ता सुरू झाला. या दिवसांत इकडे गाडीवर येणार असाल तर खड्ड्यांपेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी घ्या. सोयाबीनची मळणी झालेली असते, आणि वाळत घालायला डांबरी रस्त्याइतकी गरम, स्वच्छ जागा शेतकऱ्याला दुसरी कुठं मिळायची? अर्धा रस्ता पिवळा असतो. कडेनं दगड मांडलेले. यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही नाही, उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं सगळे निमूट जातात. फक्त समोरून ट्रॅक्टर येऊ नये.

आला. मी वेग कमी केला, डावीकडे घेतलं, पुढचं चाक दगडांच्या मधून सोयाबीनवर चढलं, आणि सोयाबीनचे दाणे म्हणजे बुटाखाली सांडलेले मणी. मागचं चाक बाजूला सरकलं. मी दोन्ही पाय टेकवले. पडलो नाही. पण आई मात्र सीटवरून घसरून सरळ रस्त्यावर उभी राहिली होती, एक चप्पल पायात आणि एक सोयाबीनमध्ये.

लागलं नव्हतं कुठंच. तिनं चप्पल शोधली, घातली, आणि रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसली.

"मी आता न्हाय बसत त्याच्यावर."

"आई, थोडंच राहिलंय."

"तू जा. अक्काला सांग, आलेवते म्हणून. अर्ध्या वाटंपतोर आलेवते म्हणून सांग."

इथून तिला जीपमध्ये बसवणं म्हणजे उलट्या करत पोचवणं, आणि ते ती करणार नाही. परत फिरलो तर मावशी उद्या पुण्याला, आणि पुणं आईसाठी परदेशच. मी तिच्याशेजारी बसले.

सोयाबीनची मालकीण तोवर पलीकडून लाकडी दाताळं घेऊन आली. सत्तरीची असेल, नऊवारी नेसलेली, डोक्याला टॉवेल. आधी तिनं चाकाखाली चेंगरलेले दाणे बाजूला ओढले, मग कळशीतून आईला पाणी दिलं.

"कुठं निघालाव?"

"सास्तूरला. भैनीकडं," आई म्हणाली.

"अन् अशी एका अंगाला बसून? ही गाडी तसली न्हाय गं बाई. माझा नातू पण असलीच फिरवतोय. दोन्हीकडं पाय टाकून बसावं लागतंय हिच्यावर."

"साडीवर कसं बसू?"

"खुरपायला जाताना काष्टा घालत न्हवतीस व्हय?"

"गोल साडीला कसला काष्टा?"

"मग आतून काय तरी घाल."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. सीटखालच्या पिशवीत माझी पावसाळी पँट बारा महिने असते. मी काढून दाखवली. आईनं ती अशी बघितली की जणू मी साप धरलाय.

"लोक काय म्हणतील?"

म्हातारीनं रस्ता इकडून तिकडे न्याहाळला. "कोन लोक? हितं मी हाय अन् सोयाबीन हाय."

बाभळीच्या मागं म्हातारीनं डोक्यावरचा टॉवेल धरला आणि आईनं पँट चढवली. वरून साडी गुडघ्यापर्यंत उचलून निऱ्या कमरेला खोचल्या, आणि पदर पोटाशी घट्ट आवळला. बाहेर आली ती खाली बघतच. मी गाडी झुकवून धरली. तिनं माझ्या पाठीचा आधार घेतला, पाय पलीकडे टाकायला दोनदा चुकली, तिसऱ्यांदा टाकला.

गाडी एकदम सरळ झाली. मला दुसरा शब्द सापडत नाही. सकाळपासून डावीकडे ओढणारं वजन माझ्या पाठीमागं मधोमध आलं, आईचे दोन्ही हात माझ्या कमरेला, आणि चेनचा आवाजसुद्धा मोकळा लागायला लागला. थोडं अंतर गेल्यावर हातांची पकड सैल झाली. आणखी पुढं गेल्यावर मागून आवाज आला, "दोन्हीकडचं शेत दिसतंय गं." एका बाजूला बसणाऱ्या बाईला आयुष्यभर रस्त्याची एकच बाजू दिसते, हे मला तेव्हा कळलं.

मग अट आली. "फाट्यावर थांबव. गावात मी अशी यायची न्हाय."

थांबवलं. पँट निघाली, घडी होऊन पिशवीत गेली, साडी नीट झाली, आणि आमची आई एका बाजूला, पट्टीवर पाय जुळवून, पदर डोक्यावर घेऊन सास्तूरमध्ये शिरली.

मावशी दारात उभी होती. दोघी गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. मावशी म्हणाली, "आलीस?" आई म्हणाली, "आले की." आणि आत जाऊन दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ बसल्या. जेवायला येसराच्या भाजक्या मसाल्याची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. या आमटीसाठी मी शंभर किलोमीटर एकटीही आले असते.

सास्तूर दोघींचं माहेर. मावशीला गावातच दिलेलं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचे आजी-आजोबा गेले. मावशीला कोसळलेल्या माळवदाच्या मातीखालून जिवंत काढलं. नंतर गाव शेजारी नव्यानं वसलं, मावशीला स्लॅबचं पक्कं घर मिळालं. त्या घरात ती स्वयंपाक करते, धान्य ठेवते, पाहुण्यांना बसवते. झोपत नाही. झोपायला पुढं पत्र्याची शेड, तिच्यात बाज. इतकी वर्षं उन्हाळा, पावसाळा, थंडी तिथंच. आमच्या घरात याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण सास्तूरला असं झोपणारी ती एकटी नाही.

दुपार कलल्यावर मावशी गाडीजवळ आली. "मला जरा जुन्या गावाकडं ने. चालवत न्हाय आता तितकं."

आई लगेच म्हणाली, "अक्का, तुला बसता यायचं न्हाय. लई उंच हाय ती."

मावशीनं पट्टीवर पाय ठेवला, नऊवारीचा काष्टा एकदा मागं चाचपला, आणि पाय पलीकडे टाकून बसली. सत्तरीतली बाई, भर गल्लीत, दोन्हीकडं पाय टाकून. समोरच्या ओट्यावरच्या माणसानं "जयभीम मावशी, कुठं निघालाव?" एवढंच विचारलं. मी आईकडं पाहिलं. फाट्यावर केलेली सगळी कसरत तिच्या चेहऱ्यावर उतरली होती. मी हसू दाबलं, पण मोठ्या कष्टानं.

जुन्या गावाच्या जागी आता बाभळी, गवत आणि दगडांचे ढीग आहेत. मावशी गाडीवरून उतरली नाही. "हितं आमची चूल हुती," म्हणून एका ढिगाकडं बोट केलं. परत फिरताना माझ्या कानाशी म्हणाली, "बाळूचं घर पाचव्या मजल्यावर हाय. खालून वर सगळे स्लॅब. पोरगं चांगलं हाय, त्याला कसं सांगू? तुझ्या आईला बोलू नको, ती जीवाला लावून घेती."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

निघायची वेळ झाली. मावशीनं येसराची पुडी दिली. आई गाडीपाशी आली, गल्लीत चार माणसं उभी होती. तिनं हात पुढं केला. "ती प्यांट दे." दारामागं जाऊन घालून आली आणि पाय टाकून बसली, पहिल्याच खेपेला. मावशीनं खाली वाकून जाळी हलवून बघितली.

"हे कशाला बसवलंय?"

"असंच," आई म्हणाली.

परतताना पुन्हा नळदुर्गला चहाला थांबलो. बशी पुढ्यात घेऊन आई म्हणाली, "अक्का तिथं झोपायची न्हाय. मला म्हाईत हाय." मी मान खाली घातली. शब्द दिला होता, आणि आता तो पाळायची गरजही उरली नव्हती. "भूकंपाच्या नंतर पत्र्याच्या शेडात मी हुते तिच्यापाशी. शेजारी माणूस असलं की झोपायची. एकटी असली की बसून राह्यची."

अंधार पडायच्या आत घरी पोचलो. जाऊन-येऊन पेट्रोल पाचशेच्या आत. रस्ता लोहाऱ्याकडचा सोडला तर चांगला. वाटेत काय बघण्यासारखं आहे असं विचाराल तर नळदुर्गचा किल्ला, ज्यात आम्ही गेलोच नाही.

मावशी ठरल्याप्रमाणे सोमवारी पुण्याला गेली. त्या आठवड्यात बाळूदादाचा दोनदा फोन आला. म्हणाला, त्याची आई रात्रभर गॅलरीत खुर्ची टाकून बसते, कळत नाही काय झालंय. माझ्या आईनं त्याला काही सांगितलं नाही. "नवी जागा हाय, सवय हुईल," म्हणाली, आणि फोन ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या रविवारी मी चेन पुसत होते. सोयाबीनची टरफलं अजून स्प्रॉकेटमध्ये निघत होती. आई फडकं घेऊन आली. या वेळी तोंड वाकडं नव्हतं. फडकं दिलं आणि तिथंच उभी राहिली.

"ते काढ."

"काय?"

"जाळी. झाकण्या सगळ्या ओट्यावर लोळतायत."

"आई, परत बसायचं झालं तर?"

"बसायला आता ती कशाला लागती?"

मी पाना आणला. कूलरचा बोल्ट आधी निघाला. आईनं जाळी हातात घेतली, पदरानं पुसली, आणि आत न जाता विचारलं, "पहिला मुक्काम परंड्याला तुझ्या आत्याकडं केला, तर दुसऱ्या दिवशी पुण्याला उजेडी पोचतो का आपण? तुझ्या दिवाळीच्या सुट्टीत. तू मला सोड अन् ये माघारी. मी राहते आठ-पंधरा दिवस. अक्काच्या खाटंशेजारी अंथरूण टाकून झोपते."

घरापासून पायी जाता येईल एवढंच जग उरलेली माझी आई हे बोलत होती. मला रडू आलं, आणि हात ग्रीसनं भरलेले असल्यानं डोळेही पुसता येईनात. तिनंच पदरानं पुसले, आणि आत गेली. खिळ्याला जाळी अडकवल्याचा आवाज आला, मग एकेक झाकणी खोचल्याचा. दोरीवर तिच्या साडीच्या शेजारी माझी पावसाळी पँट धुऊन वाळत होती. मी गाडी हातभर पुढं ढकलली आणि उरलेली चेन पुसायला घेतली.